नव्व्याण्णव टक्के

गुरुवारी रात्री अपडेट आलं
आणि नव्व्याण्णव टक्क्यांवर बसून राहिलं.
झोपायला जाताना मी भिंतीवरचं बटण बंद केलं.
सवय. क्रेनवरून उतरतानाही
सगळं बंद केल्याशिवाय शिडीवर पाय ठेवत नाही मी.

सकाळी काळ्या पडद्यावर आठ आकडी एक चूक.
योरिसनं तिच्याकडे पाहिलं, मग बटणाकडे.
माझ्याकडे पाहिलं नाही.

अकरा वर्षांचा आहे. या घरात मला तिसरा हिवाळा,
आणि तो अजून वाक्यं अशी बांधतो
की त्यांत ना 'तू' यावं लागतं, ना 'तुम्ही'.
मीठ हवंय. दार उघडं राहिलंय. आई झोपलीय.

शनिवारी नेरिंगा इस्पितळात, दुहेरी पाळी.
बाहेर क्लायपेडाचा वारा,
स्मिल्टीनेची फेरीबोटही बंद.
घरात आम्ही दोघं आणि ते मुकं खोकं.

क्रेन अडली तर एका वेळी
एकाच गोष्टीला हात लावायचा.
म्हणून आधी एक वायर. काढली, फुंकली, लावली.
मग दुसरी.
मग बटण दाबून धरायचं,
पहिली पीप झाली तरी सोडायचं नाही,
दुसरी ऐकू येईपर्यंत.
तीनदा माझा अंगठा पहिल्याच पिपेला घाबरला.
"थांबायचं असतं," योरिस जमिनीकडे बघत म्हणाला.

चौथ्यांदा पडद्यावर सात ओळी उगवल्या.
पाचवी : मांडणी दुरुस्त करा.
सहावी : नवीन प्रत बसवा.
सातवी : सगळं पुसून टाका.
ज्यानं कुणी त्या एकाखाली एक मांडल्या
त्याच्या घरात मूल नसावं.

आत त्याचं गाव आहे. चारशे तासांचं.
एक दीपगृह, एक पूल, मेंढ्या,
आणि टेकडीवर एक घर, ज्यात तो कुणाला राहू देत नाही.
बाप लिव्हरपूलला गेला त्या वर्षी बांधायला घेतलं.
हे नेरिंगानं सांगितलंय मला.

पेनड्राइव्ह तिसऱ्या मजल्यावरच्या झिगमसकडून आणला.
त्यात सहाशे बारा अळंब्यांचे फोटो.
ते आधी माझ्या जुन्या लॅपटॉपवर उतरवले,
मग ड्राइव्ह धुऊनपुसून कोरा केला,
फोल्डर केलं, त्यात फोल्डर, त्यात ती फाइल.
पडदा म्हणाला, फाइल सापडली नाही.
पुन्हा केलं. सापडली नाही.
घोडं कुठे पेंड खातंय ते माझ्या बापजन्मात कळलं नसतं.
योरिसनं लॅपटॉप आपल्या मांडीवर ओढला,
फोल्डरच्या नावाची छोटी अक्षरं मोठी केली,
आणि माझ्या जाड बोटानं मध्येच सोडलेली
एक मोकळी जागा खोडली.

मग पंखा घुमू लागला.
बारा टक्के. चाळीस. एकोणसत्तर.
आम्ही काळी राई-पाव आणि ताकातलं बीट खाल्लं, पडद्यासमोरच,
जे नेरिंगा असती तर चाललं नसतं.
नव्व्याण्णव.

नव्व्याण्णव.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.
पाच मिनिटं. नऊ.
पन्नास मीटरवर वाऱ्यात कंटेनर लटकत असतानाही
मी इतका गप्प बसलेलो नाही.

"बटणामुळे नव्हतं झालं ते," तो म्हणाला.
"काय?"
"सगळ्यांचंच बंद पडलंय. कौनासमध्ये, जपानमध्येसुद्धा.
अपडेटच खराब होतं. कंपनीनं कबूल केलंय.
काल दुपारीच."
"काल दुपारपासून माहीत होतं?"
त्यानं खांदे उडवले, बिटाचा डाग बाहीला पुसला.
मी नकळत पुढे वाकलो असणार, कारण तो म्हणाला,
"हात लावू नकोस."

नकोस.

दीपगृह आहे. पूल आहे. मेंढ्या तीन कमी वाटतात,
पण त्या आधीपासून हरवतात म्हणे.

आता रात्रीचे अकरा.
अळंब्या परत ड्राइव्हवर चढवल्या, मोजल्या :
सहाशे अकरा.
पुन्हा मोजल्या. एकदा त्यानं, एकदा मी.
झिगमसला काय सांगायचं
यावर आमचं अजून एकमत होत नाहीये.